मंसारामची कोळसाभरणी

तुम्ही कधी कुणाला साबण लावून कोळसा धुताना पाहिलं आहे का? नाही ना? मग ऐका.

कोळशाच्या खाणीला लागून एक गाव होतं, आणि त्या गावात मंसाराम नावाचा एक भोळा माणूस राहत होता. अंगाने धडधाकट, मनाने निर्मळ, कामाला वाघ. खोड एकच. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा. 'दारावर लक्ष ठेव' म्हटलं, तर चोर खिडकीतून आला तरी त्याची नजर दारावरून हलायची नाही.

त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी शेजारच्या गावची, बेबीनंदा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. पण मुलीचा बाप म्हणाला, "मुलगा चांगला आहे. फक्त रोजंदारीवर आहे. कायम झाला की त्याच दिवशी साखरपुडा."

मंसाराम सायडिंगवर झाडलोट करायचा. सायडिंग म्हणजे जिथे मालगाडीच्या उघड्या डब्यांत खाणीचा कोळसा भरतात ती जागा. तिथल्या भरणीचा ठेका एका ठेकेदाराकडे होता. मंसारामला कायम करणं त्याच्याच हातात होतं.

अशात एक दिवस बातमी आली की मोठे साहेब दौऱ्यावर येणार. साहेब किती मोठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण रस्त्यावरचे खड्डे बुजू लागले, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागू लागला, तेव्हा बरेच मोठे असणार हे लोकांनी ओळखलं.

ठेकेदाराने ठरवलं, साहेबांना काहीतरी भेट द्यायची. शाल-नारळ सगळेच देतात. आपण कोळशाची गाडी द्यायची. लहानशी, टेबलावर धावणारी, पण खरी वाटणारी.

अशी गाडी गावात एकच माणूस करू शकत होता. उरकुडेकाका. जन्मभर मालगाडीवर गार्ड होते. आता घरच्या छपरीत बसून पत्र्याच्या आणि पुठ्ठ्याच्या गाड्या करायचे. त्यांची गाडी पाहून माणसं सवयीने रुळापासून लांब सरकायची, इतकी खरी.

ठेकेदाराने मंसारामला बोलावलं. म्हणाला, "काकांच्या हाताखाली जा. ते सांगतील तस्संच करायचं. गाडी झकास झाली तर तुला कायम करतो."

"तस्संच करीन जी," मंसाराम म्हणाला. आणि तो त्याच पावली काकांकडे गेला.

काका म्हणाले, "लहान डब्यातही कोळसा खराच पाहिजे. काळा रंग दिलेले खडे लगेच ओळखू येतात. जा, टोपलीभर कोळसा आण. आणि धुऊन आण, धूळ असली की डिंक धरत नाही. स्वच्छ धू बरं."

मंसाराम टोपली घेऊन नदीवर गेला. बाया कपडे धूत होत्या. त्यांच्या शेजारी बसून तो कोळसा धुऊ लागला. साबण लावला, ब्रशने घासला, दगडावर आपटला.

एक बाई म्हणाली, "काहून रे मंसाराम, काय धुतोस?"

"कोळसा."

"आणखी किती वेळ?"

"स्वच्छ होईपर्यंत. पाणी अजून काळंच येतंय."

बायांनी आपले कपडे गोळा केले आणि वरच्या अंगाला निघून गेल्या. मंसाराम दिवस मावळेपर्यंत घासत होता. टोपलीभर कोळशाचा शेवटी एक सुपारीएवढा खडा उरला. तो त्याने रुमालात बांधून काकांना आणून दिला.

काकांनी कपाळाला हात लावला. "अरे लेका, नुसता एकदा पाण्यातून काढायचा! काळं घालवायला कुणी सांगितलं? काळं ते काळंच राहू द्यायचं. ध्यानात ठेव."

"ठेवलं जी," मंसाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याला काकांचा पांढरा सदरा दिला. साहेबांच्या कार्यक्रमाला घालायचा होता, आणि बाहीवर कोळशाचे हात उमटले होते. "एवढा धुऊन टाक रे बाबा."

मंसारामने सदरा एकदा पाण्यातून काढला आणि दोरीवर टाकला.

काकू म्हणाल्या, "हे काय? डाग तसेच?"

"काळं ते काळंच राहू दिलं, काकू."

काकू काकांसारख्या कपाळाला हात लावून बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सदरा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "डाग दिसला की घासायचा! राख घे, चिंच घे, पण घासून काढायचा. एक ठिपका दिसता कामा नये. कळलं?"

"कळलं, काकू."

आता पाहा, छपरीत काकांचे डबे रंगवून वाळत ठेवले होते. नुसता रंग नव्हता तो. कडांना गंज चढवला होता. दारांखाली पावसाचे ओघळ काढले होते. एका डब्यावर तर पक्ष्याची शीटसुद्धा होती, केसाएवढ्या ब्रशने काढलेली. पावसाळा संपल्यापासून काका हौसेने तेवढंच करत होते, आणि आता तेच डबे साहेबांच्या गाडीला लावायचे होते. दुपारी त्यांचा डोळा लागला, आणि मंसारामला ते डबे दिसले.

'अरेरे,' तो मनात म्हणाला, 'किती हे डाग!'

काकांना जाग आली तेव्हा डबे आरशासारखे चकाकत होते आणि मंसाराम हातातली चिंचेची साल झटकत होता.

"एक ठिपका ठेवला नाही, काका. एका डब्यावर पक्षी घाण करून गेला होता, तीही काढली."

काकांनी एक डबा उचलून चारही बाजूंनी फिरवून पाहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मंसाराम, नवी कोरी चकचकीत वस्तू खोटी वाटते रे. खरी वाटायला ती गंजकी, मळकी, ओघळ आलेली दिसली पाहिजे. कधीच विसरू नकोस."

"कधीच नाही विसरणार जी."

आणि तो विसरला नाही. काका पुन्हा गंज चढवायला बसले. तिसऱ्या दिवशी ठेकेदार काम पाहायला आला. नवी पांढरी गाडी घेऊन आला. गाडी इतकी नवी की सीटवरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नव्हता. ठेकेदार आत चहा पीत बसला. मंसाराम बाहेर उभा राहून गाडीकडे पाहू लागला. त्याला ठेकेदाराची दया आली. 'एवढा मोठा माणूस,' त्याला वाटलं, 'आणि फिरतो खोट्या गाडीतून.'

शेजारीच कडुलिंबाच्या बुंध्याला लावायला आणलेल्या गेरूच्या आणि चुन्याच्या बादल्या होत्या. मंसारामने गेरूत चिंधी बुडवली. दारांच्या कडांना गंज चढवला. काचांखाली ओघळ काढले. टपावर चुन्याने पक्ष्याची शीट काढली. ती जरा मोठी झाली, कारण गाडीही मोठी होती.

ठेकेदार बाहेर आला आणि इकडेतिकडे पाहू लागला. "माझी गाडी कुठाय?"

"ही काय जी," मंसाराम म्हणाला. "आता खरी वाटते ना?"

ठेकेदार जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं सांगते. तो म्हणाला, "आणखी एक घोळ केलास ना, तर कायम सोड, रोजंदारीवरूनही काढून टाकीन!"

काकांनी हातापाया पडून त्याला शांत केलं. तो गेल्यावर मंसारामला समोर बसवलं. "दुसऱ्याच्या वस्तूला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मालक 'हो' म्हणाला तरच लावायचा. नाहीतर लांब उभं राहायचं. तुझं लग्न अडलंय त्यावर, समजलं का बापा?"

मंसारामचे डोळे भरून आले. "समजलं, काका. लांब उभा राहीन."

गुरुवारी काका-काकू एका बारशाला गेले. छपरीत टेबलावर सगळा देखावा मांडलेला होता. रूळ, सिग्नल, हिरव्या भुशाची शेतं आणि मैद्याच्या खळीने चिकटवलेलं पुठ्ठ्याचं स्टेशन. शेजारच्या चंद्रभागाबाईंची बकरी आत शिरली. तिने टेबलावर पुढचे पाय ठेवले आणि शेत खायला सुरुवात केली.

मंसाराम लांब उभा राहिला. बकरी दुसऱ्याची होती. हात कसा लावणार?

तो चंद्रभागाबाईंच्या घरी गेला. बाई बाजारात मिरच्या विकायला गेल्या होत्या. तो पायी बाजाराच्या गावाला गेला, आणि मिरच्यांच्या ढिगापाशी बाई सापडल्या.

"चंद्रभागाबाई, तुमच्या बकरीला हात लावू का?"

"काहून? काय केलं तिनं?"

"काही नाही. स्टेशन खाते आहे."

बाईंना काही उमगलं नाही. पण गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्या म्हणाल्या, "लाव बापा, लाव. मीठ लाव की मिरची लाव, पण इथून जा."

मंसाराम खूश होऊन परत आला. बकरीने तोवर शेत, स्टेशन, सिग्नल आणि फलाटावरचा पुठ्ठ्याचा स्टेशनमास्तर संपवला होता. मंसारामने तिला हळूच हात लावला आणि बाहेर काढलं.

काका परत आले, टेबलाकडे पाहत राहिले. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या हो. स्टेशन नसलं तर नसलं. आपल्या गावात गाडी थांबते कुठे?" ते खरंच होतं. दिवसभर कोळशाच्या गाड्या धडधडत जायच्या, पण माणसांची एकही गाडी गावात थांबत नसे. काकांनी स्टेशनची जागा तशीच मोकळी सोडली.

पण मंसारामला ते म्हणाले, "काम पुढ्यात असताना गावभर विचारत फिरायचं नसतं! एकदा काम हातात घेतलं की कुणाला विचारायचं नाही, अर्धवट सोडायचं नाही. ठासून पुरं करायचं."

"ठासून पुरं करीन जी."

आता उरले होते फक्त डबे. दौऱ्याला थोडेच दिवस होते. काका जेवायला उठता उठता म्हणाले, "मंसाराम, तेवढे डबे भरून ठेव."

काकांनी थर्माकोलचे तुकडे कापून, काळे करून पेटीत ठेवले होते. ते नुसते डब्यांत बसवायचे होते. पण पेटीबद्दल काका काही बोलले नव्हते, आणि विचारायला तर बंदीच होती. मंसारामने खरा कोळसा घेतला. खलबत्त्यात कुटला. डब्यांत ओतला आणि बत्त्याने ठासला. पुन्हा ओतला, पुन्हा ठासला. डब्यांचे पत्रे फुगले तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

काकांनी जेवून येऊन बटण दाबलं. इंजिन घरघरलं. हललं नाही. त्यातून धूर निघाला.

"वा काका," मंसाराम म्हणाला, "धूरही खरा काढला तुम्ही!"

काकांना हसू यायला लागलं. रडूही यायला लागलं. मग त्यांनी थर्माकोलचा एक तुकडा हातात घेतला, मंसारामला जवळ बसवलं आणि शाळेत शिकवतात तसं एकेक करून शिकवलं.

"हे बघ. डबा पूर्ण कोळशाने भरणं हा येडेपणा आहे. इंजिनाला ओढवत नाही. आत भरायचं काहीतरी हलकं. काय?"

"काहीतरी हलकं."

"त्याला दोन उंचवटे द्यायचे. यंत्र कोळसा टाकतं तिथे ढीग होतो, मध्ये खोलगट राहतं. त्यावर खळ लावायची, आणि वर कोळशाचा बोटभर थर भुरभुरवायचा. मग पाणी शिंपडायचं, म्हणजे चमकतो. पाहणारा वरूनच पाहतो रे, आत हात घालून कुणी पाहत नाही. पुन्हा कुणी तुला डबा भर म्हटलं, तर कसा भरायचा?"

"असाच."

"शाब्बास. करून दाखव."

आणि काय सांगू, मंसारामने इतका सुंदर डबा भरला की काकांनी तो उचलून उजेडात फिरवून पाहिला. दोन्ही ढीग अगदी खरे. एक खडा तर कडेवर असा टेकलेला, की आता पडेल असं वाटावं. काकांनी नवी मोटर बसवली. मंसारामने बाकीचे डबे एकट्याने भरले. गाडी पळाली.

काका ठेकेदाराला म्हणाले, "चूक झाली असेल ती झाली. पण पोराला भरणी कळली."

ठेकेदाराला हे ऐकून बरं वाटलं, कारण तो नेमका अडचणीत होता. दौरा दुसऱ्या दिवसावर आला होता. कोळसा टाकणाऱ्या लोडरचा ड्रायव्हर तेवढा सोडून त्याने सायडिंगवरची सगळी माणसं झाडांना गेरू लावायला पाठवली होती. साहेबांसमोर जी गाडी निघायची, तिचे शेवटचे तीन डबे भरायचे राहून गेले होते. आणि ते भरून घेणारं कुणी उरलं नव्हतं. त्याने मंसारामला बोलावलं.

"तुला भरणी कळली म्हणतात?"

"कळली जी."

"मग ते तीन डबे भर. उद्या साहेब येण्याआधी तयार पाहिजेत. मस्त झाले तर तू कायम. शब्द देतो."

मंसारामने वर पाहिलं. डबा घराएवढा उंच होता. पहिल्यांदाच त्याला शंका आली.

"कसे भरू जी?"

ठेकेदार घाईत होता. "काकांनी शिकवलं तसे!"

झालं. मंसारामची शंका फिटली.

तो गावात गेला. कापूस वेचून झाला होता. कपाशीच्या उपटलेल्या, वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग शेताच्या बांधांवर पडून होते. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, तोही पडला होता. लोक म्हणाले, "ने बापा, आम्हाला जाळायचंच होतं." त्यांनी आपल्याच बैलगाड्यांतून ते सायडिंगवर आणून टाकलं. मंसारामने ते तिन्ही डब्यांत भरलं, दोन-दोन उंचवटे दिले. लग्नातली मोठी कढई आणून चुलाणावर मैद्याची खळ शिजवली आणि बादल्यांनी वर ओतली. मग लोडरच्या ड्रायव्हरला हाक मारली.

"भाऊ, वरून कोळसा टाका. भुरभुर टाका. बोटभर."

"बोटभरच?" ड्रायव्हर म्हणाला.

"बोटभरच. जास्त झाला तर इंजिनाला ओढवत नाही."

ड्रायव्हर जुना माणूस होता. या सायडिंगवर त्याने याहून चमत्कारिक हुकूम ऐकले होते. त्याने बोटभर टाकला. मंसारामने पाइपने पाणी शिंपडलं. शेवटी शिडीवर चढून एक खडा कडेवर असा टेकवला, की आता पडेल असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. गळ्यात हार घातले, भाषणं झाली. छोटी गाडी टेबलावर पळाली आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग ते खरी गाडी पाहायला लोखंडी माचीवर चढले. पुढचे डबे सपाट, धुळकट, कुठे खड्डा, कुठे भोक. आणि शेवटचे तीन! दोन-दोन ढीग, उन्हात चमचमणारे. एक खडासुद्धा वाऱ्याने हलत नव्हता.

साहेब म्हणाले, "वा! भरणी असावी तर अशी. बाकीच्यांनी शिकून घ्या."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. वजनाच्या बाबूनेही मान डोलावली. त्याचा काटा मागच्या दिवाळीपासून बंद होता. पण भरलेल्या डब्याचं वजन भरलेल्या डब्याएवढंच असणार, असा त्याचा हिशेब होता. त्याप्रमाणे त्याने आकडा लिहिला. साहेबांनी हिरवा झेंडा हलवला आणि गाडी वीजघराकडे निघाली.

गर्दीत उरकुडेकाका उभे होते. शेवटचे डबे समोरून जाताना त्यांना कडेवर टेकलेला तो खडा दिसला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मंसारामचं मनगट धरलं.

"मंसाराम, आत काय भरलंस?"

"काहीतरी हलकं."

काका तिथेच रुळांशेजारी खाली बसले. ठेकेदाराच्या कानावर गेलं तेव्हा तोही त्यांच्या शेजारी बसला. "मेलो," तो म्हणाला. "उद्या वीजघरावर डबे उपडे होतील. ठेका जाईल. आणि तू रे, तू उद्यापासून सायडिंगवर पाऊल टाकायचं नाहीस!"

"मग कायम?" मंसारामने विचारलं.

"कायमचा घरी!"

मंसाराम खाली मान घालून घरी गेला. त्याला काही केल्या कळेना, आपण चुकलो कुठे. आईने ताट वाढलं, पण तो जेवला नाही. "बेबीनंदाच्या बाबांना काय सांगू, माय?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीजघरातून ठेकेदाराला फोन आला की बाकीच्या डब्यांतून नेहमीप्रमाणे दगडच निघाले, तुमच्या मालात शेवटचे तीन डबेच काय ते धड पेटले, यापुढे सगळी भरणी त्याच माणसाकडून करून घ्या, आणि ठेकेदाराने मंसारामला कायम केलं.